हल्ला, शाप की थकवा? सातपूरच्या ताईंना उत्तर

सातपूरच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही दोघे नवरा-बायको काही वर्षांपासून प्रभू येशूच्या विश्वासात आहोत. दिवाळीनंतर यांचे अंबडच्या कंपनीतले कॉन्ट्रॅक्ट संपले. मुलगा सारखा आजारी असतो. रात्री तीनच्या सुमारास माझ्या छातीवर कोणी बसल्यासारखे होते, हलता येत नाही, ओरडताही येत नाही. कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, एक भगिनी म्हणाल्या की तुमच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शाप आहे, कुठेतरी दार उघडे राहिले आहे. एकवीस दिवस उपास धरा, रात्री तीनला उठून प्रार्थनेने शापाची बंधने तोडा, आणि डॉक्टरांच्या गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास. मी गोळ्या बंद केल्या. सासूबाई म्हणतात, त्र्यंबकला जाऊन शांत करून या. मी या लढाईत उभी कशी राहू? कोणती प्रार्थना करू? बचतगटाचे कर्जही आहे, ते यांना माहीत नाही, त्याचाही मनावर भार असतो."

ताई, मी नाशिकमध्येच मंडळीच्या (चर्चच्या) प्रार्थनासेवेत आहे. त्याआधी बरीच वर्षे हॉस्पिटलमध्ये नर्स होते. त्यामुळे तुमचा प्रश्न दोन्ही बाजूंनी वाचला.

आधी गोळ्यांचे बोलू, कारण ते उद्यावर टाकण्यासारखे नाही. तुम्ही गोळीचे नाव लिहिलेले नाही, पण झोपेसाठी आणि घाबरण्यासाठी होती असे लिहिले आहे. अशा गोळ्या एकदम थांबवल्या की बऱ्याच जणांना चक्कर येते, छातीत धडधडते, झोप उडते, भयानक आणि अगदी खरी वाटणारी स्वप्ने पडतात, विनाकारण रडू येते. औषध अचानक तुटल्याचा हा शरीरावरचा परिणाम आहे आणि डॉक्टरांना तो चांगला माहीत असतो. आपल्याकडे मात्र होते असे, की कोणीतरी गोळी बंद करायला सांगते, चार दिवसांत त्रास वाढतो, आणि मग तोच माणूस म्हणतो, बघा, सैतान चवताळला. ताई, कृपा करून उद्याच ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांच्याकडे जा आणि किती दिवसांपासून बंद आहे ते खरे सांगा. स्वतःच्या मनाने पुन्हा सुरूही करू नका, मात्रा त्यांना ठरवू द्या. ते डॉक्टर परवडत नसतील तर सिव्हिल हॉस्पिटलमध्ये दाखवा. आणि मनात मरणाचे विचार येत असतील तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, आणि प्रेषित पौलाने त्याला "प्रिय वैद्य" म्हटले आहे. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने त्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले, शाप शोधायला सांगितले नाही.

आता छातीवरचे ओझे. झोपेच्या ज्या टप्प्यात आपण स्वप्ने पाहतो, त्या वेळी मेंदू शरीराचे स्नायू सैल पाडून ठेवतो, म्हणजे स्वप्नातले धावणे आपण अंथरुणात धावत नाही. कधी कधी मन आधी जागे होते आणि शरीर मागे राहते. डोळे उघडे, खोली दिसते, पण हात उचलत नाही, आवाज फुटत नाही, छातीवर वजन जाणवते, खोलीत कोणीतरी आहे असेही वाटते. काही सेकंद ते एक-दोन मिनिटांत ते सुटते. उताणे झोपणे, अपुरी झोप, काळजी आणि झोपेच्या वेळा मोडणे या सगळ्याने ते वाढते. तुम्ही रोज रात्री तीनला गजर लावून उठत आहात, वर उपास, वर आजारी लेकरू. जो उपाय म्हणून सांगितला, त्यानेच त्रास वाढत असण्याची दाट शक्यता आहे. डॉक्टरांना हेही सांगा. तोपर्यंत तीनचा गजर बंद करा, कुशीवर झोपा, आणि पुन्हा तसे झाले तर मनातल्या मनात "प्रभू येशू" एवढेच म्हणून एक बोट हलवायचा प्रयत्न करा. भीती कमी झाली की ते लवकर सुटते.

एकवीस दिवसांचा उपास आता थांबवला तर देव रागावेल अशी भीती तुम्हाला वाटते आहे, हे तुमच्या शब्दांतून कळते. पवित्र शास्त्रातल्या पहिले राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय झाल्यावर देवाचा संदेष्टा एलीया रानात जाऊन झुडपाखाली पडला आणि "मला मरण दे" म्हणाला. देवाने त्याला काय दिले? झोप, भाकर आणि पाणी. तो पुन्हा झोपला, पुन्हा भाकर दिली. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्यानंतर. उपास मला प्रिय आहे, मी स्वतः करते, पण थकून मोडलेल्या माणसाला देवाने आधी जेवू घातले आहे. तुम्ही आज जेवा.

यावरून मी सैतान मानत नाही असे समजू नका. तो खरा आहे. प्रभूने त्याच्याशी रानात झुंज दिली, आणि प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज "आम्हांला वाइटापासून सोडव" म्हणतो. पेत्र लिहितो की तो गर्जणाऱ्या सिंहासारखा कोणाला गिळावे हे शोधत फिरतो. पण तो कुठे उभा आहे हे चुकले, तर माणूस आयुष्यभर भलत्याच दिशेला ढाल धरून उभा राहतो. असे थकलेले विश्वासणारे मी पुष्कळ पाहिले आहेत: दाराच्या चौकटीला तेल, उशाखाली पवित्र शास्त्र, पाकिटात संरक्षणाचे एक्याण्णवावे स्तोत्र, आणि मनात क्षणाची शांती नाही. एक्याण्णवावे स्तोत्र सैतानाने प्रभूपुढे स्वतः म्हणून दाखवले होते. वचन ताईतासारखे बाळगून चालत नाही, ते ज्याने दिले त्याच्यावर भरवसा ठेवावा लागतो.

घराण्याचा शाप. तुमच्या सासरच्या चार पिढ्यांत कोणी काय केले ते शोधायला सांगणाऱ्या भगिनीचा हेतू वाईट नसेल, पण त्यांनी तुम्हाला न संपणाऱ्या कामाला लावले आहे. आणखी एक पूर्वज नेहमीच निघतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या काळात लोक हेच म्हणत: बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देवाने सांगितले की ही म्हण इस्राएलात पुन्हा चालणार नाही, प्रत्येक जीव माझा आहे. यहेज्केलाच्या पुस्तकाचा अठरावा अध्याय पूर्ण वाचा, नवऱ्यासोबत वाचा. आणि गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की ख्रिस्ताने आपल्याला शापापासून खंडणी भरून सोडवले, तो स्वतः आपल्यासाठी शाप झाला. ज्याची खंडणी वधस्तंभावर भरली गेली, त्याचा हप्ता तुम्ही रात्री तीनला उठून कशाला भरता? दारू, मारझोड, कर्ज यांच्या सवयी घरात पिढ्यान्‌पिढ्या चालतात हे खरे आहे, त्यांवर काम करावे लागते. ते काम दिवसा, माणसांशी बोलून होते.

सासूबाईंबद्दल तुम्ही जे लिहिले त्यात मला राग दिसला, आणि त्यामागे भीतीही दिसली. त्या त्र्यंबकला जा म्हणतात ते त्यांच्या माहितीतला सगळ्यात मोठा उपाय म्हणून. नातवाच्या तापाने त्यांचाही जीव खालीवर होतो आहे. आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही, असे इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि सासूबाई रक्तामांसाच्या आहेत. त्यांना एवढेच सांगा: "आई, मी येणार नाही, मी येशूला प्रार्थना करते. पण तुम्ही काळजी करता हे मला कळते." आणि त्यांच्या हातचे जेवा, त्यांच्या गुडघ्याला तेल चोळून द्या, डॉक्टरकडे जाताना त्यांना सोबत घ्या. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, यांनी तो घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या विचाराने. मधली वर्षे दोघांनाही फार जड गेली. त्या घराकडे पाहून मी शिकले की दुसऱ्याच्या मनाला मुदत घालायची नसते. सासूबाई कधी प्रभूकडे आल्या नाहीत तरी त्यांच्यावर माया करणे तुमच्याकडेच राहते.

हेच शहराबद्दल. सिंहस्थ जवळ येतो आहे, तसे काही प्रार्थनागटांत पंचवटीत फिरून, रामकुंडाकडे हात करून आत्मे बांधायच्या, म्हणजे तिथल्या आत्म्यांना प्रार्थनेने जखडायच्या, गोष्टी चालतात. मला हे पटत नाही, आणि पवित्र शास्त्राच्या आधारे पटत नाही. पौलाने जे पत्र इफिसला लिहिले, त्या इफिसात अर्तमी देवीचे जगप्रसिद्ध मंदिर होते. पौल तिथे दोन वर्षांहून जास्त राहिला. देमेत्रिय सोनाराने दंगा उठवला तेव्हा शहराच्या चिटणीसानेच गर्दीला सांगितले की या माणसांनी देवळे लुटली नाहीत आणि आपल्या देवीची निंदा केली नाही. प्रेषितांची कृत्ये, एकोणिसावा अध्याय. त्याच अध्यायात पन्नास हजार रुपयांच्या, म्हणजे तेवढ्या चांदीच्या नाण्यांच्या, जादूटोण्याच्या पुस्तकांची होळी झाली, पण ती ज्यांची होती त्यांनी स्वतः आणून केली. आध्यात्मिक युद्ध शिकवणारा सगळ्यात मोठा शिक्षक शेजाऱ्याच्या श्रद्धास्थानावर थुंकला नाही. यहूदाच्या पत्रात मीखाएल आद्यदिव्यदूत, म्हणजे देवदूतांचा प्रमुखसुद्धा, सैतानाला शिव्या न देता "प्रभू तुला धमकावो" एवढेच म्हणतो. आपण नाशिकसाठी प्रार्थना करावी: पाण्यासाठी, गर्दीत कोणी चेंगरू नये म्हणून, रोजगारासाठी. बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने त्या शहराच्या कल्याणासाठीच प्रार्थना करायला सांगितले होते.

"माझ्यात काही शिरले असेल का" या तुमच्या भीतीला थेट उत्तर देते. तुम्ही जे लिहिले आहे त्यात मला तसे काही दिसत नाही. ख्रिस्ताची असलेली व्यक्ती कोणाच्या मालकीची नसते. ज्यांना खरोखर सुटकेच्या, म्हणजे वाईट आत्म्यापासून सोडवण्याच्या, प्रार्थनेची गरज वाटते, त्यांच्यासाठी आम्ही प्रार्थना करतो ती दिवसा, घरच्यांच्या संमतीने, पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आणि एक वडीलधारी बाई हजर असताना, डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून. थोडे शब्द, येशूच्या नावाने, साध्या आवाजात. आत्म्याला नाव विचारत बसत नाही, त्याच्याशी गप्पा मारत नाही. कोणी केस ओढले, मारले, बांधले, खोलीत कोंडले, धूर दिला, तर तिथून उठून बाहेर या, मग तो माणूस कितीही मोठा सेवक असो. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे गुन्हा आहे, आणि तो कायदा आपल्यालाही लागू आहे. आणि कोणी सुटकेसाठी पैसे, खास तेल, खास पाणी याचा भाव सांगितला तर एक रुपयाही देऊ नका. देवाचे सामर्थ्य पैशाने विकत घेऊ पाहणाऱ्या शिमोन जादूगाराला पेत्राने झिडकारले होते.

मग शत्रू कुठे आहे? ताई, माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा दोष देणाऱ्याच्या रूपात येतो. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात त्याला तेच नाव आहे, आपल्या बंधूंना रात्रंदिवस दोष देणारा. जखऱ्याचा तिसरा अध्याय वाचा. मुख्य याजक यहोशवा मळके कपडे घालून देवापुढे उभा आहे आणि सैतान त्याच्या उजवीकडे आरोप करायला उभा आहे. कपडे खरेच मळके आहेत, आरोप पूर्ण खोटा नाही. यहोशवा एक शब्द बोलत नाही. परमेश्वरच सैतानाला धमकावतो आणि त्याचे मळके कपडे काढायला लावून त्याला चांगली वस्त्रे घालतो. आपण उभे राहतो ते असे. आपल्या बाजूने बोलणारा दुसरा कोणी असतो म्हणून आपण उभे असतो.

तुम्ही लिहिले आहे, "माझ्याच मुळे घरावर हे आले असे सतत वाटते." हा आवाज कोणाचा, हे ओळखायला शिका, सगळी लढाई इथेच आहे. पवित्र आत्मा पापाची जाणीव करून देतो तेव्हा तो नेमके बोट ठेवतो: काल लेकराला विनाकारण मारलेस, शेजारणीबद्दल खोटे बोललीस. आणि बोट ठेवता ठेवता बाहेरचा रस्ता दाखवतो: कबूल कर, क्षमा माग, जाऊन मिटव. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे की आपण पापे कबूल केली तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करील. दोष देणारा मात्र मोघम बोलतो. तू वाईटच आहेस, तुझ्यात काहीतरी आहे, तुझ्यामुळे नोकरी गेली. नेमके काय केले विचारा, सांगत नाही. काय करू विचारा, म्हणतो आता काही होणार नाही, अजून उपास कर, अजून एक पूर्वज शोध. पहिला आवाज ऐकल्यावर माणूस रडतो पण हलका होतो. दुसरा आवाज ऐकल्यावर माणूस लपतो. अंबडच्या कंपनीने कॉन्ट्रॅक्ट नूतन केले नाही, याचे कारण तुमच्या प्रार्थनेतली चूक हे नाही. दुःखात पडलेल्या ईयोबाला त्याचे मित्र, तुझ्याच चुकीमुळे हे आले, असे सांगत बसले होते, आणि शेवटी देव त्यांच्यावर रागावला.

म्हणून प्रार्थना मोठी नको. रात्री भीती वाटली की दिवा लावा, पाणी प्या, आणि रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची पहिली ओळ मोठ्याने वाचा: ख्रिस्त येशूमध्ये जे आहेत त्यांना दंडाज्ञा नाही. मग प्रभूची प्रार्थना. मग झोपा. प्रभूने शिमोन पेत्राला सांगितले होते, सैतानाने तुम्हांला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, परंतु तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्राने त्याच रात्री तीनदा नाकारले, तरी ती विनंती फुकट गेली नाही. तुमच्या प्रार्थनेची ताकद मोजत बसू नका, तो तुमच्यासाठी करत असलेली विनंती चालू आहे. आणि एकटीने करू नका. रोमी शिपायाची मोठी ढाल, लाकडाची, वर चामडे चढवलेली, शेजारच्या ढालीला भिडवून धरली की भिंत होत असे. विश्वासाची ढाल म्हणताना पौलाने एकट्या माणसाला नाही, सगळ्या मंडळीला लिहिले आहे. तुमच्या मंडळीतल्या दोन बाया निवडा, ज्या तुम्हाला घाबरवत नाहीत आणि ऐकलेले बाहेर सांगत नाहीत. रात्री फोन केला तर उचलतील का, हे त्यांना आधी विचारून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाची शेवटची ओळ. बचतगटाच्या कर्जाचे तुम्ही जाता जाता लिहिले, पण मला सगळ्या पत्रात तेच सर्वात महत्त्वाचे वाटले. उघडे दार कोणते, असे तुम्ही विचारत होता. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल शस्त्रसामग्री सांगायला लागतो तेव्हा पहिली गोष्ट सत्याने कंबर बांधण्याची सांगतो. त्याआधी, चौथ्या अध्यायात, लबाडी सोडा, शेजाऱ्याशी खरे बोला म्हणतो, आणि लगेच पुढे सैतानाला वाव देऊ नका म्हणतो. नवऱ्यापासून लपवलेला आकडा तुम्ही रोज एकट्या वाहता, हप्त्याच्या तारखेला पोटात गोळा येतो, फोन वाजला की दचकता, आणि दोष देणाऱ्याला रोज ताजा विषय मिळतो. यात मी तुम्हाला रागवत नाही. मुलाच्या दवाखान्यासाठी काढले असणार, आणि त्यांची नोकरी गेल्यावर सांगायची हिंमत झाली नसणार. पण हे एकच गुपित आहे जे तुमच्या हातात आहे, आणि या आठवड्यात संपवता येते.

मूल झोपल्यावर सांगा, जेवण झाल्यानंतर, दोघे निवांत असताना. पूर्ण आकडा सांगा, थोडा कमी करून नाही, कारण उरलेला पुन्हा लपवावा लागतो. ते चिडतील कदाचित. नोकरी गेलेल्या माणसाला असा आकडा फार लागतो. चिडले तरी त्याच रात्री सगळे सोडवायचा प्रयत्न करू नका. पण ते हात उगारतील अशी भीती असेल, तर एकटीने बोलू नका, पाळक आणि त्यांच्या पत्नी घरी असतानाच बोला. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून गटाच्या अध्यक्षबाईंकडे जा आणि हप्ते लहान करून, मुदत वाढवून मिळतात का विचारा. गट एका बाईचा थकलेला हप्ता बाकीच्यांवर पडू नये म्हणून ऐकतो, फक्त वेळेत सांगावे लागते. जाताना बँकेचे पासबुक, आतापर्यंत भरलेल्या हप्त्यांची वही आणि मुलाच्या दवाखान्याच्या पावत्या बरोबर ठेवा, म्हणजे बोलणे आकड्यांवर राहील. मंडळीत मदतनिधी असेल तर पाळकांना विचारायला लाजू नका, तो निधी अशाच घरांसाठी असतो.